विद्यापीठ आणि गाव : देण्याघेण्याचे नाते

विद्यापीठ म्हणजे काय, असा प्रश्न निघोजे गावच्या पारावर कोणी विचारला, तर बहुधा उत्तर असे येईल, की मुलाच्या गुणपत्रिकेवर ज्याचा शिक्का असतो ते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. परीक्षेचा अर्ज, फी, निकाल आणि शेवटी पदवीचा कागद, एवढाच ज्या संस्थेशी आपला संबंध, ती कितीही थोर असली तरी आपल्याला कचेरीसारखीच वाटणार. काम असले म्हणजे माणूस कचेरीत जातो आणि काम झाले की पाठ फिरवतो. कचेरीसाठी कोणी पदरचे काही देत नाही, आणि कचेरीही आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही.

श्रोतेहो, मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच, की सार्वजनिक विद्यापीठ ही अशी कचेरी नव्हे, आणि ते तसे होऊ देणे आपल्याला परवडणारही नाही. लोक आणि विद्यापीठ यांच्यामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार जेथे वाहता राहतो, तेथे विद्यापीठही बळावते आणि समाजही बळावतो. नुसते देणे असेल तर आश्रयदाते निर्माण होतात. नुसते घेणे असेल तर आश्रित निर्माण होतात. दोन्ही एकत्र असतील तरच त्यातून समाज घडतो. महाराष्ट्रात हा व्यवहार कसकसा चालत आला, हे पाहिले म्हणजे या म्हणण्याची प्रचीती येईल.

प्रथम ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले आणि मुख्यतः जनतेच्या करावर पोसलेले, ते सार्वजनिक विद्यापीठ. चाकणच्या बाजारात चपला विकत घेणारी म्हातारी त्या चपलांवर कर भरते, आणि त्या कराचा एखादा अंश कोठल्यातरी प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत जाऊन पोचतो. म्हणजे विद्यापीठाला देणगी देणारे आपण सगळेच आहोत. फक्त ही देणगी न विचारता घेतली जाते. करातून इमारती उभ्या राहतात, पगार निघतात आणि ते आवश्यकच आहे. पण करातून आपलेपणा उत्पन्न होत नाही. सरकारने बांधलेल्या धर्मशाळेची भिंत ढासळली तर आपण म्हणतो, ‘सरकारने पाहावे.’ गावाने वर्गणी काढून बांधलेल्या देवळाचा एक चिरा हलला, तर सगळे गाव गोळा होते, कारण त्या कळसाकडे पाहताना प्रत्येकाला आपण दिलेली पायली आठवत असते. आपखुशीने दिलेल्या गोष्टीचा हा गुण आहे.

आता, ज्या प्रकारच्या मंडपात आपण बसलो आहोत त्याचेच उदाहरण घेऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे जे पहिले चार बी. ए. पदवीधर बाहेर पडले, ते म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पदवी पदरात पडल्यावर सरकारी नोकरी करून स्वस्थ बसणे रानड्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी काय केले? १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. चार भिंतींच्या आत मिळवलेली विद्या उन्हाळ्याच्या संध्याकाळी नगरवासीयांसमोर उघड्यावर आणून मांडली. आज महाराष्ट्रात गावोगावी ज्या व्याख्यानमाला चालतात, त्या त्याच झाडाच्या फांद्या आहेत. विद्यापीठाने दिले, आणि ज्याला दिले त्याने ते आपल्यापाशी न ठेवता पुढे वाटले. या व्यवहाराचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

त्याच मुंबई विद्यापीठात देण्याचा दुसरा प्रकार पाहावयास मिळतो. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. आईचे नाव मनोऱ्याला द्यावे, एवढीच त्यांची इच्छा. तोच राजाबाई मनोरा. सर कावसजी जहांगीर यांच्या एक लाखाच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले. या देणगीच्या मागे एक इतिहास आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात प्रेमचंद वर चढले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्या पडझडीत त्यांची दौलत वाहून गेली. मौज अशी, की त्यांनी स्वतःपाशी ठेवले ते गेले आणि दुसऱ्याला दिले ते उरले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तो पैसा थैलीत आला तो मुंबईच्या बाजारातून. पण कापूस पिकला तो शेतकऱ्याच्या रानात. म्हणून प्रत्येक मोठ्या देणगीत अनेकांचे नाव न लिहिलेले देणे मिसळलेले असते.

परंतु नुसत्या देणगीने काय होते आणि काय होत नाही, हेही हाच मनोरा सांगतो. १८७८ साली तो बांधून पुरा झाला, तेव्हा राजाबाईंचे नाव आकाशाला भिडले होते. पण त्या विद्यापीठाच्या पदवीचे दार स्त्रियांना अजून उघडलेले नव्हते. ते उघडायला १८८३ साल उजाडावे लागले. पैशाने मनोरा उभा राहतो. दार उघडायला त्याहून निराळे काहीतरी लागते.

ते निराळे काय, हे धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात दिसते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढणारे हे गणिताचे प्राध्यापक वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली, स्त्रियांचे विद्यापीठ काढावयास निघाले. जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, आणि तिने त्यांच्या मनात घर केले होते. सुरुवातीस विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच. सरकारची मान्यता नाही, राखीव निधी नाही. अण्णासाहेब गावोगाव आणि दारोदार हिंडून लहानलहान वर्गण्या जमवीत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि आपल्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव त्या विद्यापीठाला लागले. पंधरा लाखांचा आकडा इतिहासात ठळक अक्षरांत लिहिला जातो, ते योग्यच आहे. पण आधीच्या चार वर्षांतील त्या किरकोळ वर्गण्या नसत्या, तर पंधरा लाख द्यावयाला जागाच शिल्लक राहिली नसती. लहान देणगीने संस्था जगते. मोठ्या देणगीने ती वाढते. पुढे १९५१ साली या विद्यापीठाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. म्हणजे लोकांनी आधी विद्यापीठ चालवून दाखवले, आणि कायदा मागाहून आला.

मोठ्या देणगीचे विदर्भातील उदाहरणही येथे सांगण्याजोगे आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपल्या मृत्युपत्राने पस्तीस लाखांहून अधिक रकमेची मिळकत या विद्यापीठाला ठेवली. उपयोजित विज्ञानाचे शिक्षण मिळावे, हा हेतू. १९४२ साली त्यातून तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, पिढ्यान्‌पिढ्या तिने रसायन-अभियंते घडवले, आणि २०२३ साली ती स्वतःच विद्यापीठ झाली. देणगीला पोर होते असे म्हणतात, ते हेच.

आता ज्यांच्यापाशी लाख नव्हते आणि हजारही नव्हते, त्यांचे देणे पाहू. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. आणि मुलांनी काय दिले? त्यांनी श्रम दिले. साताऱ्यास १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजले: विद्यार्थ्याने कष्ट करावेत आणि त्या कष्टाच्या कमाईवर शिकावे. यात फुकट घेतल्याची लाज नाही, आणि दिल्याचा तोराही नाही. १९५९ साली पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्मान्य डी. लिट. दिली. पण त्याहून मोठा सन्मान हा, की पुढे पुणे विद्यापीठाने त्यांची कल्पनाच घेतली. विद्यापीठाच्या आवारात आणि संलग्न महाविद्यालयांत कमवा व शिका योजना चालते. ग्रंथालयात, कचेरीत, बागेत दररोज काही तास काम करून खेड्यातील मुलगा आपला खर्च भागवतो. खेड्याच्या एका वसतिगृहाने विद्यापीठाला धडा दिला आणि विद्यापीठाने तो गिरवला, ही गोष्ट विसरू नये.

निघोजे ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येते, ते हेच. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीत ज्या वाड्यात मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात येऊन राहत, तो वाडा आणि चारशेहून अधिक एकर जमीन सरकारने विद्यापीठाला दिली. ज्या फाटकातून आत पाऊल टाकण्याची सामान्य माणसाची छाती होत नसे, त्या फाटकातून शेतकऱ्याची मुले आत जाऊ लागली. २०१४ साली त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव लाभले. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे आज त्याच्या कक्षेत आहेत.

विद्यापीठाने आपण होऊन लोकांकडे कसे जावे? याचा एक मार्ग म्हणजे बहिःशाल शिक्षण. शाळेच्या भिंतीबाहेरचे, ते बहिःशाल. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने १८७३ पासून आपले अध्यापक गावोगावी पाठवून व्याख्याने द्यावयास सुरुवात केली. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाने जयकरांच्या नावाने अशीच व्याख्यानमाला चालवली आणि तालुक्याच्या गावांतील महाविद्यालयांपर्यंत वक्ते नेले. दुसरा मार्ग राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली; आरंभी ४० हजार विद्यार्थी तीत होते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि सात दिवस एखाद्या गावी शिबिरात राहावयाचे, असा तिचा साचा आहे.

तिसरा मार्ग आपल्या परिसराला विशेष जवळचा आहे. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने तेथील राज्यांना जमिनी देण्यात आल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली. शेताच्या बांधावर जाऊन सांगणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे १९६८ साली राहुरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठ झाले. चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध. त्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याला बसवंत ७८० किंवा फुले समर्थ ही नावे परकी नाहीत. हे वाण राहुरीच्या विद्यापीठाने दिले. येथेही व्यवहार दुहेरी असतो. कांदा चाळीत का सडला, ही शेतकऱ्याची तक्रार संशोधकाकडे पोचते, तेव्हाच पुढचा वाण सुधारतो. तक्रार हीही एक देणगीच आहे. घेणाऱ्याला कान हवेत.

पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीचाही येथे उल्लेख करतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. तिची मुक्तांगण विज्ञान शोधिका या देणगीच्या साहाय्याने उभी राहिली. शाळेची मुले तेथे येऊन आपल्या हातांनी प्रयोग करतात. तो पैसा कोठून आला असेल, याचा विचार करा. पुलंची पुस्तके विकत घेणारे, त्यांच्या नाटकांची तिकिटे काढणारे तुमच्याआमच्यासारखेच लोक. हसण्यासाठी मोजलेले पैसे मुलांच्या विज्ञानाला लागले.

येथवर गोड बाजू झाली. आता कडूही सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, देणगीदार हा मालक नव्हे. नाव कोरावे, कृतज्ञता बाळगावी. पण काय शिकवावे आणि कोणाला प्रवेश द्यावा, हे देणाऱ्याने ठरवू लागले, की विद्यापीठ सार्वजनिक उरत नाही. दुसरी, लोक देतात म्हणून सरकारने हात आखडता घेऊ नये. कराचे काम देणगी करू शकत नाही. ती फार तर कराने सोडलेल्या फटी बुजवील. तिसरी, हिशोब. दिलेल्या रुपयाचे काय झाले, हे साध्या मराठीत छापून सांगितले नाही, तर पुढचा रुपया येत नाही. आणि चौथी, देखाव्याची सेवा. आपल्यापैकी पुष्कळांनी असे शिबिर पाहिले असेल, की सात दिवस मुले आली, रस्ते झाडले, भिंतींवर सुविचार लिहिले, छायाचित्रे निघाली आणि आठव्या दिवशी गाव होते तसेच झाले. दोष मुलांचा नाही. गावाला काय हवे हे कोणी विचारले नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ असे वचनही कोणी दिले नाही.

आता निघोज्याकडे वळू. खेड तालुक्यातील हे गाव. निघोजे, खराबवाडी, म्हाळुंगे या पट्ट्यात पूर्वी शेते होती. आज मोटारींचे प्रचंड कारखाने आहेत. जमीन दिलेल्या कुटुंबांच्या हाती एकरकमी पैसा आला, पण नांगर गेला. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेले तरुण भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पाळीच्या भोंग्याप्रमाणे जागतात व झोपतात. मूळ गावकरी आणि भाडेकरू एकाच नळावर पाणी भरतात. पण एकमेकांची नावे त्यांना ठाऊक नसतात. अशा ठिकाणी वस्ती वाढते; गाव वाढतेच असे नाही. येथे विद्यापीठ काय करू शकेल?

एक तर, काम करणाऱ्याला शिक्षण त्याच्या वेळेला मिळाले पाहिजे. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच हेतूने निघाले. अर्धवट शिक्षण सोडून कारखान्यात आलेला मुलगा त्याच्या अभ्यासकेंद्रातून पदवीपर्यंत जाऊ शकतो. पण त्याच्या खोलीत चौघे राहतात; बसून वाचावयाला जागा नाही. ही जागा विद्यापीठ देऊ शकत नाही. ती गाव देऊ शकते: शाळेची एखादी खोली, रात्री दहापर्यंत एक दिवा आणि किल्ली सांभाळणारे एक माणूस.

दुसरे, विद्यापीठाच्या विभागाशी किंवा जवळच्या महाविद्यालयाशी सात दिवसांचा नव्हे, तर पाच वर्षांचा करार व्हावा. त्यात विद्यार्थ्यांनी विहिरींच्या आणि ओढ्यांच्या पाण्याची ऋतूऋतूंत तपासणी करावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यावर फेस येतो, याची हळहळ आपण सारेच करतो. हळहळीला आकड्यांची जोड मिळाली, म्हणजे तिचे मागणीत रूपांतर होते. गावानेही विद्यार्थ्यांना काही द्यावे. बुजलेल्या विहिरींच्या जागा, ओढ्यांचे जुने प्रवाह, शिवारांची नावे आज साठी उलटलेल्या माणसांच्या ध्यानात आहेत. आणखी वीस वर्षांनी ती कोणी सांगू शकणार नाही. ही आठवण टिपून विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झाली, तर निघोज्याने विद्यापीठाला दिलेली ती मोलाची देणगी ठरेल.

तिसरे, पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावयाची असते, आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांचे विज्ञान-तंत्रज्ञानातील संशोधनही येते. म्हणजे कारखान्याचा पैसा, विद्यापीठाची विद्या आणि गावाचा प्रश्न यांची गाठ घालणारा कायद्याचा रस्ता मोकळा आहे. गावाने एक नेटका कागद लिहून हक्काने मागावे. परंतु तेवढ्यावर थांबू नये. गावाने स्वतःचाही एक लहान फंड काढावा: घरटी महिना दहा रुपये. त्यातून बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीचे गाडीभाडे निघावे, रात्रीच्या अभ्यासिकेचा दिवा जळावा. आणि या फंडात भाडेकरूलाही मोकळेपणाने घ्यावे. लातूरहून किंवा गयेहून आलेला मजूर ज्या दिवशी त्या वहीत दहा रुपये लिहील, त्या दिवसापासून तो निघोज्यात नुसता राहणारा उरणार नाही, निघोज्याचा होईल. दहा रुपयांत यापेक्षा मोठे काही मिळत असल्यास मला ठाऊक नाही.

श्रोतेहो, आरंभी पारावर विचारलेल्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. विद्यापीठ म्हणजे काय? गुणपत्रिकेवरचा शिक्का, हे उत्तर आज खरे आहे आणि त्याबद्दल पारावरच्या माणसाला बोल लावता येणार नाही. पण उद्या त्याच पारावर एखादी म्हातारी सांगू लागली, की ‘आमच्या ओढ्याचं जुनं नाव मी त्या पोरांना लिहून दिलं, ते तिथं ठेवलंय,’ तर विद्यापीठ खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले असे समजावे. ते व्हावयाचे तर कोणीतरी पहिली नोंद केली पाहिजे. वही आणि दिवा, एवढ्यापासून आरंभ करता येतो.